एका दमात ओतलेली बिलं

“अबे, डेटा भरतोयस का जपमाळ ओढतोयस?”

साहेब माझ्या कानात असे ओरडले की तिकडे राजवाड्यावरची कबुतरं उडाली असणार. चार वाजता शेवेचे कारखानदार शेठजी येणार होते. तोवर त्यांची सगळी जुनी बिलं नव्या डेटाबेसमध्ये दिसली नाहीत, तर उद्यापासून मी घरी बसायचं, हे अख्ख्या ऑफिससमोर मला ऐकवून झालं होतं.

वास्तविक जपमाळ त्यांचीच. एक बिल भरा, पक्कं करा, मगच पुढचं घ्या, हा साहेबांचा नियम. वर प्रत्येक बिलामागे डेटाबेस आपले इंडेक्स, म्हणजे बिलं शोधायच्या याद्या, नव्याने लावत बसायचा. त्या चालीने शेवटचं बिल माझ्या नातवाने भरलं असतं, तेही रिटायर होता होता.

साहेब तणतणत कचोरी खायला गेले. मी लगेच त्यांचा प्रोग्राम बंद पाडला आणि तोवर भरलेली बिलं पुसली. इंडेक्स उडवले, तेच बिल दुसऱ्यांदा आत येऊ न देणारा पहारा काढला आणि सगळी फाइल एका दमात ओतली. डेटाबेसने ती अशी गिळली की ढेकरसुद्धा दिला नाही! पहारा परत बसवण्याआधी घोटभर चहा मारावा म्हणून मी खाली उतरलो.

वर आलो तर शेठजी माझ्या स्क्रीनसमोर, बेटमा गावची बिलं उघडून. “भिया, ये बेटमावाले सेव से नहा रहे हैं क्या?”

पाहतो तर काय, प्रत्येक बिल दोनदा!

“हाच तो नालायक!” साहेब लालबुंद. “शेठजी, आत्ताच्या आत्ता काढतो याला.”

मी साहेबांना कोपराने बाजूला सारलं. डेटाबेसमधलं बिलांचं टेबल रिकामं केलं, फाइल पुन्हा ओतली, पहारा बसवला, इंडेक्स लावले. शेठजींचा चहा निवायच्या आत बेटमा माणसांत आलं. त्यांनी आकडे डोळ्यांत तेल घालून तपासले, “इसको मत निकालना” म्हणाले आणि उठले.

ते जिना उतरताच मी साहेबांवर डाफरलो, “मी फाइल एकदाच भरली होती. दुसऱ्यांदा कोणी चालवली?”

साहेबांनी मिशीवरची चटणी पुसली.

“मी. इतक्या लवकर कुठे होतं काम.”