मावशीच्या चष्म्याच्या काचा

स्वराज्य आल्यावर मी मास्तर म्हणून गोंदियाला गेलो, तेव्हा शेजारी बिड्या वळणारी एक मावशी राहायची. ती चष्मा पदराने पुसायची, आणि पदराला तंबाखूची भुकटी असायचीच. काचांवर इतके ओरखडे पडले, की बिड्या वाकड्या होऊन कारखान्यातून परत येऊ लागल्या.

"काचा बदलू," मी म्हटलं.

"कायले? दिसते ना मले."

पण माझ्यासोबत चष्मेवाल्याकडे आली. आठवड्याने नव्या काचांचा चष्मा लावून तिने माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, मी तं तुमाले बुढे समजत होती."

घरी दारात नवरा बसला होता. ती त्याला निरखतच राहिली. तो उठू लागला.

"बसा जी," ती हसली. "अजून चांगले दिसून राहिले."

म्हाताऱ्याने घाईघाईने टोपी सरळ केली.