रोटरी गाडी आणि वॉचमनकडची चावी

"तिसरीच घ्यायची. तुम्ही फक्त हो म्हणा," सामंत म्हणाले आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

सामंत म्हणजे माझे क्लायंट. जहाजावर चीफ इंजिनीअर होते, आता रिटायर होऊन प्रभादेवीला राहतात. तरुणपणी जपानच्या एका बंदरात त्यांनी रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार पाहिली आणि ती डोक्यात बसली ती बसलीच. जुन्या गाड्या तपासून देणं हा माझा धंदा. त्या गाडीच्या तीन पिढ्यांतली एकेक मुंबईत विकायला होती. कुठली घ्यायची ते मी सांगायचं होतं.

साध्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात. रोटरीत पिस्टनच नाही. एक तिकोनी रोटर गरगर फिरतो आणि त्याच्या तीन टोकांना बारीक सील असतात. ते गेले की इंजिन गेलं.

पहिली पिढी हलकी, कार्ब्युरेटरवाली, साधीसुधी. दुसरीचे सील संपलेले होते, त्यामुळे ती लगेच बाद. तिसरी मात्र देखणी. दोन टर्बो, रबरी नळ्यांचं जंजाळ, भयंकर तापणारं इंजिन, पण नजर हटत नाही. परळच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सील आतला दाब किती धरतात ते, तपासलं. तिसरीचं उत्तम निघालं. खरं सांगायचं तर मीही पाघळले होते.

फक्त एक शंका होती. हिचं नाक फार खाली. सामंतांच्या गेटच्या उतारावर घासेल का, ते बघायला मी त्यांच्या बिल्डिंगमध्ये गेले.

नाक घासलं नसतं. पण तिथे जे दिसलं त्याने माझा मूड गेला. चिंचोळं, उतरतं कंपाउंड आणि गाड्या एकामागे एक लावलेल्या. सगळ्यांच्या चाव्या वॉचमनच्या केबिनमध्ये. मागच्याला बाहेर पडायचं असलं की वॉचमन पुढची गाडी स्टार्ट करतो, दहा फूट सरकवतो, बंद करतो.

"सामंत, रोटरीला नेमकं हेच चालत नाही," मी म्हणाले. "थंड इंजिनात पेट्रोल जास्त जातं. तापायच्या आत बंद केलंत की ते आतच राहतं. प्लग ओले होतात, सीलवरचं ऑइल धुतलं जातं. मग गाडी ढिम्म हलत नाही. रोज असं झालं तर तिसरीची वाट लागेल."

"वॉचमनला सांगू, दहा मिनिटं चालू ठेव."

"खिडकीखाली दहा मिनिटं धूर आणि आवाज? तळमजल्यावरचे लोक तुम्हाला उभं करतील का?"

"नाही करणार."

"मग हिची चावी खाली वॉचमनकडे देऊ नका."

सामंतांनी वॉचमनच्या केबिनकडे बोट दाखवलं.

"चाव्या तिथे ठेवायचा नियम मीच केलाय," ते म्हणाले. "मी सेक्रेटरी आहे इथला. मालतीला, म्हणजे माझ्या मिसेसना, हॉस्पिटलला न्यायचं होतं. पुढे एक गाडी उभी, तिचा मालक गावाला, चावी कुठे कुणाला माहीत नाही. मालती वाचली असती की नाही, देव जाणे. पण आम्ही इथे थांबून राहिलो, ते मी विसरत नाही. माझ्या मागे वरच्या मजल्यावरच्या जोशींची गाडी असते. त्यांना डायलिसिसला जावं लागतं. चावी खालीच राहणार."

आपण इंजिन, टर्बो करत बसलो होतो याची मला लाज वाटली.

"तिघींपैकी हे रोजचं चालू-बंद कोण सहन करेल?" त्यांनी विचारलं.

"आवडणार कुणालाच नाही. पहिली त्यातल्या त्यात कमी रुसते. आणि रुसली तरी तुम्ही स्वतः काढू शकाल समजूत."

त्यांनी तिसरी एकदा हिंदमातापर्यंत चालवून आणली, चावी मालकाच्या हातात दिली आणि पहिली घेतली.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला.

"बंद पडली हो. आज सकाळी वॉचमनने काढली, सरकवली, बंद केली. तुम्ही म्हणालात तस्संच झालं."

"चिडलात का?"

"छे! जोशी वेळेवर पोचले ना. तुम्ही येऊ नका, मी प्लग काढायला बसलोय."

आता कुणालाही गाडी सुचवण्याआधी मी विचारते, तुमच्या मागे कोणाची गाडी उभी असते?