चुलीला लागलेली माती

इंटरला असताना आमच्या प्रोफेसरांनी निवडक मुलांसाठी रसायनशास्त्राचा वरचा वर्ग काढला. पुस्तकं बी.एस्सी.ची आणि प्रयोग त्याहून अवघड. मला तिथं बसायचंच होतं. मुलीला डोणगावाहून थेट अमरावतीला शिकायला धाडलं म्हणून वडिलांना भावकीचे टोमणे खावे लागत. त्यांनी बजावलं होतं, "त्या वर्गात घेतलं तं शिक, नाही तं घरी ये."

प्रोफेसरांनी परीक्षाही नामी काढली. दिवाळीच्या सुटीत आपल्या मुलखातली माती, क्षार, काहीही आणायचं आणि त्यात काय किती आहे ते शोधायचं. मला कसली चिंता? लोणारचं तळं आमच्याच तालुक्यात. तिथला खार चिखलासकट डबाभर आणवला.

निघायच्या दिवशी डबा उघडला, तर आत पिठासारखा पांढरा खार! पापडासाठी करतात तसा आईनं तो पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून, उन्हात वाळवला होता.

"मास्तरले असा मातीचा खार देतात काय व? लोक काय म्हनतीन?"

"आणि माती?"

"चुलीले लावली."

आमच्याकडं शेजारणीला वाटीभर डाळ द्यायची तरी निवडून, पाखडून देतात. तिचं काय चुकलं? पण मला रडूच कोसळलं. पुन्हा लोणारहून खार आणवायला वेळ नव्हता. मेहकरची मोटार गाठायची होती.

प्रयोगशाळेत थेंब थेंब आम्ल सोडून मी सोडा किती ते काढलं, मग मीठ काढलं. मातीचं काय लिहू? अंदाजानं आकडा ठोकून देता आला असता, पण हात धजेना. शेवटी लिहिलं: नमुना आईने धुतला. माती आमच्या चुलीला लागली आहे. मूळ प्रमाण सांगता येत नाही.

प्रोफेसरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. पोरं खो खो हसली. ते हसले नाहीत.

"वाटेत नमुन्याचं काय झालं, हे हिनं एकटीनं लिहिलंय. तुमचे नमुने काय आभाळातून पडले?" म्हणाले, आणि मला वरच्या वर्गात घेतलं.

नाताळात घरी येऊन हे सांगितलं. वडील अंगणात गेले आणि भावकीला ऐकू जाईल अशा बेतानं खाकरले. आई भाकरी थापत म्हणाली, "पाह्यलं? साफ खार नेला म्हून झालं."

"हाव माय," मी म्हटलं, आणि त्याच चुलीवरची भाकरी पोटभर खाल्ली.