शेवंतामावशींचं म्हणणं

शेवंतामावशी आधी माणसाच्या पायांकडे बघायच्या, तोंडाकडे नंतर. आमची पहिली भेट झाली तेव्हा वलवणच्या धरणामागच्या त्यांच्या वस्तीवर आम्ही नऊजण ओळीने उभे होतो आणि त्या एकेकाचे बूट बघत पुढे सरकत होत्या. माझ्यापाशी थांबल्या, खाली बसल्या, बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. माझ्या शेजारच्या मैत्रिणीचे पांढरे, गुळगुळीत तळाचे बूट बघून म्हणाल्या, "हे लग्नात घालायचे हायेत. तुमी माज्या मागंच चाला." मग दाराला कडी घातली, पाण्याची बाटली कमरेला खोचली आणि चालायला लागल्या. कुणाचं नाव विचारलं नाही, कुठून आलात विचारलं नाही. ते सगळं त्यांनी मग पहिल्या चढावर, आमचा दम जोखता जोखता विचारलं.

मी चिंचवडला एका विमा कार्यालयात काम करते. पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि चालत चालत मी चाळिशीत डोंगरांपर्यंत पोचले. ओळखीचे, कार्यालयातले असे काहीजण जमवून दर दुसऱ्या रविवारी सकाळच्या गाडीने लोणावळा गाठायचं, एखादा डोंगर चढायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचं, असा आमचा शिरस्ता झाला. मोरटोक नावाच्या कड्याची वाट दाखवायला कुणीतरी हवं म्हणून चहाच्या टपरीवर चौकशी केली, तर टपरीवाल्याने एका बाईंचं नाव सांगितलं. मला आश्चर्य वाटलं होतं, हे कबूल करते.

मावशींनी पन्नाशी ओलांडली होती. काटक अंग, खोचलेलं पातळ, त्यावर मुलाचा कंपनीतला जुना निळा शर्ट, पायात रबरी चपला. लहानपणी आणि लग्नानंतरही त्यांनी याच डोंगरातून लाकडाच्या मोळ्या लोणावळ्याच्या बंगल्यांवर नेल्या होत्या. नवरा लवकर गेला. मुलगा प्रकाश तळेगावजवळ वराळ्याला कंपनीत लागला आणि तिकडेच खोली घेऊन राहिला. घरात बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली प्रकाशचं शाळेतलं बक्षीस, आणि एका खुंटीला दोर. "आमच्या सासूनं मला चूल नंतर दावली, वाट आदी दावली," असं त्या सांगायच्या.

मोरटोकावरून काय दिसत नाही? एका अंगाला वलवणचं पाणी, दुसऱ्या अंगाला राजमाचीची दोन शिखरं, समोर कडा तुटून खाली थेट कोकण. पूर्वेला लोहगड आणि त्याला खेटून विसापूर. हवा स्वच्छ असली की त्याही पलीकडे तळेगावकडची धुरकट पट्टी. लोक तिथे पोचले की बोलायचे थांबत. मावशी मात्र त्या सगळ्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसत. मी एकदा विचारलं, तुम्हाला नाही का बघावंसं वाटत? म्हणाल्या, "तुमी डोंगर बगा. मी तुमाला बगते." मग थोड्या वेळाने, मान न वळवता, हात मागे करून त्या धुरकट पट्टीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "तितं त्या धुरात माजा परकास हाय."

तीन वर्षं आम्ही त्यांच्या मागे चाललो. वाटेत कारवी लागली की ती कुठे धरायची, कुठे धरायची नाही, हे त्या शिकवत. दमलेल्या माणसाला 'आता थोडंच राहिलं' असं खोटं कधी सांगत नसत. "अजून लय हाय. बसा घटकाभर," म्हणत. माझ्या हाताखाली आजवर एकजणही पडलेला नाही, हे त्या वर्षातून एखाद-दोनदा सांगत, आणि सांगताना जमिनीला हात लावत.

तो रविवार भाद्रपदातला होता. आम्ही पंधराजण होतो, त्यातले सहा नवे. माझ्या कार्यालयातला निखिल पहिल्यांदाच आला होता. सव्वीस वर्षांचा, हसरा, आईने दिलेले लाडू सगळ्यांना वाटत चाललेला. टोकाच्या अलीकडे खिंड लागते. तिथे मावशी थांबल्या. तोंड वाऱ्याकडे केलं, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "वारा फिरलाय. फिरा मागं."

वर आभाळ होतं, पण पाऊस नव्हता. मला त्यात काही विशेष दिसलं नाही. मी म्हटलं, मावशी, अर्ध्या तासाचं काम आहे, लोक लांबून आलेत. त्या म्हणाल्या, "टोक पुढल्या आयतवारी बी हितंच हाय, ताई. कोकणातली धुई वर यायली. ह्या नव्या पोरास्नी आज न्हाई न्यायचं." मागे सगळे ऐकत उभे होते. कुणीतरी हसलं. आपण चौदाजणांना इथवर आणलं आणि आता एक बाई आपल्याला परत फिरवते आहे, याची मला लाज वाटली असावी. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्ही इथे थांबलात तरी चालेल. वाट मला माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढे होऊन चालायला लागल्या.

वर पोचलो तर पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. लोक हिरमुसले. दहा मिनिटं गेली आणि अचानक ते धुकं मधोमध फाटलं. खाली हिरवंगार कोकण, उन्हाचा एक पट्टा, राजमाचीची शिखरं पाण्यातून वर आल्यासारखी. सगळे फोन काढून कड्याकडे धावले. मावशी ओरडत होत्या, "बसा. खाली बसा. उभं ऱ्हाऊ नका." निखिल दरीकडे पाठ करून उभा होता, आमचा सगळ्यांचा एकत्र फोटो घेण्यासाठी. आम्ही मावावं म्हणून तो एक पाऊल मागे सरला. ओल्या गवतावरून त्याचा पाय गेला. ओरडला नाही, निदान मला ऐकू आलं नाही. तो उभा होता तिथे नुसतं गवत राहिलं.

आम्ही जागच्या जागी उभे राहिलो तेवढ्यात मावशी बाजूच्या घळीतून कारवी धरत उतरायला लागल्याही होत्या. पंचवीसेक फुटांवर खडकात एक बेचकं होतं, त्यात तो अडकला होता. खालून त्यांचा आवाज आला, "जित्ता हाय. कुणी खाली येऊ नका." लोणावळ्याहून दोर घेऊन बचाव पथकातली मुलं येईपर्यंत साडेतीन तास गेले. तेवढा वेळ त्या निखिलचं डोकं दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून, हलू न देता बसून होत्या. पाऊस आला तेव्हा अंगातला निळा शर्ट काढून त्याच्यावर धरला. आणि सतत बोलत होत्या. तुझी आई काय करते, तुझं गाव कोणतं, लाडू डिंकाचे का रव्याचे. वर कड्यावर पालथी पडून मी ते ऐकत होते.

निखिल वाचला. मांडी मोडली होती, मणक्याला मार होता. रुग्णालयाच्या बाहेर त्याचे वडील मला म्हणाले, अशा हवेत पुढे जायचं कुणी ठरवलं? त्या माणसाचा चेहरा मला बघवत नव्हता. मी म्हटलं, आमच्याबरोबर गावातली वाट दाखवणारी बाई होती, आम्ही तिच्या भरवशावर होतो.

त्यांनी मावशींविरुद्ध पोलिसांत तक्रार अर्ज दिला. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हाही मी तेच वाक्य सांगितलं. खिंडीत काय झालं ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. बाकीचे म्हणाले, आम्ही मागे होतो, आम्हाला नीट ऐकू आलं नाही. शब्दन्‌शब्द तपासला तर माझ्या जबाबात खोटं काही सापडलं नसतं.

त्या जबाबावर वाटाड्यांना परवानगी देणाऱ्या गावच्या समितीने मावशींना वाट दाखवायला बंदी केली. मोरटोकाचं काम शिट्ट्या आणि जाकिटं घातलेल्या दोघांकडे गेलं. बायकांनी या भानगडीत पडूच नये, असंही कुणी बोललं म्हणे. हे मला प्रकाशने फोनवर सांगितलं. तो शांतपणे बोलत होता. आई म्हणते, मी फिरा म्हणाले होते; तुम्ही तेवढं सांगाल का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बघते. त्यानंतर त्याचा नंबर दिसला की मी फोन उलटा ठेवायची. त्याने दोनदाच केला, मग बंद केला.

सव्वा वर्ष गेलं. मी डोंगर सोडले, लोकांना सांगितलं की पाठ पुन्हा दुखते. निखिल काठी घेऊन कामावर परत आला. एके दिवशी डबा खाताना त्याने मावशींची चौकशी केली. म्हणाला, मला त्या दिवसातला त्यांचा आवाज तेवढा आठवतो. मग म्हणाला, "त्या खिंडीत नको म्हणत होत्या ना? मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, कागदावर तसं काही नाही, तू डोक्याला लागल्यामुळे बोलतोस."

पुढच्या रविवारी मी लोणावळ्याला गेले, वस्तीवर चौकशी केली. मावशी एका बंगल्याच्या मागच्या मोरीवर भांडी घासत होत्या. मला बघून हात धुतले आणि पहिला प्रश्न विचारला तो निखिलच्या पायाचा. जिना चढतो का, रात्री कळा येतात का, असं बारकाईने विचारलं. मग मी बोलायला लागले. सगळं सांगितलं, मी निखिलच्या वडिलांना काय म्हणाले, पोलिसांना काय म्हणाले, प्रकाशचा फोन का उचलला नाही. मी रडत होते. त्या माझी समजूत काढतील असं मला आत कुठेतरी वाटत होतं. त्यांनी काढली नाही.

"तुमी खोटं न्हाई बोललात, ताई," त्या म्हणाल्या. "निम्मं बोललात. ऱ्हायलेलं निम्मं मी लय जणांला सांगितलं. माजं कोण लिहून घेतंय?"

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून पोलीस ठाण्यात गेले. पुरवणी जबाब द्यायचा म्हटल्यावर तिथल्या हवालदारांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं आणि इतक्या उशिरा का, असं विचारलं. भीती वाटत होती, एवढंच मी सांगू शकले. त्यांनी तेही लिहिलं. तिथून मी निखिलच्या घरी गेले आणि त्याच्या वडिलांसमोर बसून तेच सांगितलं. ते म्हणाले, माझा मुलगा सांगत होता आणि मी त्याला गप्प बसवत होतो. त्यांनी मला चहा विचारला नाही, दारापर्यंत आले नाहीत. पण आठवड्याभरात त्यांनी तक्रार मागे घेतली आणि समितीला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं.

जबाबाची प्रत घेऊन मी मावशींकडे गेले. या वेळी त्या घरी होत्या. त्यांना अक्षरओळख होती, पण म्हणाल्या, तुमीच वाचा, मोठ्यांदा. मी वाचलं. 'सोबत असलेल्या श्रीमती शेवंता यांनी वाऱ्याची दिशा बदलल्याचे निदर्शनास आणून पुढे न जाण्याबाबत सूचना केली होती. ती मी मानली नाही.' त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "मी असं कुटं बोलले? मी म्हणले, वारा फिरलाय, फिरा मागं."

मी पिशवीतून पेन काढलं आणि त्या प्रतीवर समासात त्यांचे शब्द लिहिले, त्या बोलल्या तसे. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवत स्वतः वाचलं. "हां. आता हाय माजं म्हणणं," म्हणाल्या, आणि कागद तसबिरीच्या मागे सरकवला.

मी विचारलं, समितीने परवानगी दिली तर पुन्हा लोकांना न्याल का?

"नेईन की. वाट काय इसरले व्हय मी?"

आणि आम्हाला, असं मी विचारलं.

"तुमच्यासंगं न्हाई, ताई. राग न्हाई माजा. पर तितं वर मी थांबा म्हणलं तर तुमी थांबाल का, ह्याचा घोर लागंल मला. मग माजं ध्यान बाकीच्यांवर ऱ्हायचं न्हाई."

मग त्यांनी चहा केला, तो आम्ही प्यायलो आणि मी सडकेपर्यंत एकटी चालत आले.

परवानगी मिळायला आणखी दोन महिने लागले. मावशी आता पुन्हा मोरटोकाला लोकांना नेतात. गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयातली दोन नवी मुलं त्यांच्याबरोबर जाऊन आली. माझी मावशींशी ओळख आहे हे या मुलांना माहीत नव्हतं. सोमवारी दोघं कुरकुरत होती, एवढं चालून खिंडीतूनच परत आणलं, टोक काही बघायला मिळालं नाही म्हणून. मी विचारलं, कुणी हट्ट करून नाही बघितला?

"बघितला ना," त्यातला एक म्हणाला. "पण त्या बाई कुणाचं ऐकतच नाहीत."