गच्छामि म्हणजे काय

रविवारच्या पाली वर्गात गुरुजींनी फळ्यावर लिहिलं : गच्छामि, गच्छसि, गच्छति. मी जातो, तू जातोस, तो जातो. गुरुजी म्हणजे निवृत्त तलाठी. बुलढाण्यातल्या आमच्या विहारात ते सुत्तांतली सोपी वाक्यं घेऊन व्याकरण शिकवायचे. 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिशरण मला लहानपणापासून पाठ. पण त्यातल्या शेवटच्या 'मि'मध्ये 'मी' आहे, हे चाळिशीत कळलं.

घरी मेथी निवडताना मी तेच घोकत होते. आई म्हणाली, "उद्या तुह्या बाबाचं ऑपरेशन हाय. जातो-जातो काऊन लावलं?"

मी घोकणं थांबवलं. आमच्याकडे दाराबाहेर पडणारा माणूसही 'येतो' म्हणतो.

बाबा देऊळघाटचे गवंडी. पोटातली गाठ काढायची होती. सकाळी दवाखान्यात त्यांना ऑपरेशनसाठी आत नेताना स्ट्रेचरवरूनच त्यांनी मला विचारलं, "बाई, सरनं गच्छामि, मी जल्मभर म्हनून राह्यलो. गच्छामि म्हंजे काय?"

आत जाणाऱ्या माणसाला 'जातो' कसं सांगणार?

"येतो," मी म्हणाले. "शरण येतो."

"हाव," ते म्हणाले, आणि दार लागलं.

बाकावर बसल्यावर खरी भीती सुरू झाली. त्याच महिन्यात वर्गात 'मुसावादा' शब्द झाला होता. मुसावाद म्हणजे खोटं बोलणं, शेवटचा 'आ' पंचमीचा : खोटं बोलण्यापासून. त्यापासून दूर राहीन असं पंचशीलात रोज म्हणणारी मी, आत्ताच बापाशी खोटं बोलले होते. तेही त्रिशरणाच्या शब्दावरून. एक शब्द फिरवला म्हणून कुणी दगावत नाही, हे मला कळत होतं. तरी दार जरा हललं की मी उठून उभी राहायचे. आई शेजारी होती, तिलाही सांगवेना.

दोन तासांनी डॉक्टर आले. गाठ निघाली होती, पण तपासणीला पाठवावी लागणार होती. रिपोर्टला नऊ दिवस लागले. त्या दिवसांत मी पालीची वही उघडली नाही. विहारावरून जाताना मान खाली घालायचे.

गाठ साधी निघाली.

टाके काढून आणल्यावर मी बाबांना खरा अर्थ सांगितला. ते उशीला टेकून भिंतीकडे पाहत होते.

"बरं केलं तवा नाही सांगतलं," ते म्हणाले. "मी भेलो असतो."

जन्मभर परांचीवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.