शिक्का मीच मारला

मी चौथी शिकलोय, तीही अर्धीच. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी हसायला नको. पलटणीत व्हॉलीबॉल शिकलो आणि सुटून आल्यावर शिराळ्याकडच्या आमच्या हायस्कुलात शिपाई लागलो. घंटा द्यायची, शिक्के मारायचे आणि शाळा सुटली की नेट बांधायचं. पोरांचा संघ मी उभा केला. मास्तरलोकांना त्यात काडीचा रस नव्हता.

जुनी अकरावी आणि नवी दहावी ज्या साली एकदमच मॅट्रिकला बसली, त्या साली सहापैकी पाच गडी एका झटक्यात शाळेबाहेर गेले. एरवी दोघंतिघं जायची, उरलेली नव्यांना सांभाळून घ्यायची. आता राहिला एकटा लिफ्टर, नववीतला. दुसऱ्याला मारायला चेंडू उचलून देतो तो लिफ्टर. त्याची बोटं मी दोन वर्षं घडवली होती.

हेडमास्तर म्हणाले, "पुढच्या वर्षी खेळाचे शिक्षक येताहेत. यंदा जिल्हा जिंकलात तर संघ तुमच्याकडं. नाहीतर त्यांच्याकडं."

"जिंकतो की," मी म्हणालो.

मे महिनाभर वरच्या धनगरवाड्यातली आमच्याच शाळेची पाच पोरं मैदानावर उतरवली. उड्या अशा मारायची की नेट ठेंगणं वाटावं, पण चेंडू अंगावर आला की डोळे मिटायची. लिफ्टर ओरडायचा, "आरं, चेंडू हाय त्यो, गांधीलमाशी न्हाई!" ते ऐकून मला वाटायचं, जमलं आपलं.

शाळा भरली त्याच आठवड्यात लिफ्टर ऑफिसच्या दारात आला. हातात क्लार्कनं लिहून दिलेला कागद.

"मामा, यष्टीच्या पासाचं बोनाफाईड हाय. तेवढी हेडमास्तरांची सही आणून शिक्का मारता का?"

"पास कशाला रं? घर तर वढ्यापल्याड तुझं."

"औंदा आजोळास्नं येणार हाय."

मी कागद बघितला. बारीक अक्षर, सगळं जोडून लिहिलेलं. शाळेत गिरवलेली अक्षरं मी केव्हाच विसरलो होतो. मला वाचता येत नाही, असं त्याच्यासमोर म्हणणार होतो होय? वाचल्यासारखी मान हलवली. सही आणली. शाई नीट लावून शिक्का मारला, वाकडा होऊ दिला नाही.

तीन दिवस तो खेळायला आला नाही. चौथ्या दिवशी क्लार्कला विचारलं.

"त्यो सांगलीला गेला की! विश्रामबागंतल्या शाळेनं ऱ्हायाजेवायची सोय केलीया, वर बूट. शाळा सोडल्याचा दाखला न्हेला न्हवं त्यानं?"

"मग मला का सांगितलं न्हाई?"

"आवं मामा, शिक्का तर तुमीच मारलासा!"

सगळं ऑफिस हसलं.

मी नमलो नाही. धनगरांच्यातलाच एक पोरगा लिफ्टर केला, आणखी एकाला धरून सहा पुरे केले. तालुका जिंकला. सांगलीत जिल्ह्याच्या शेवटच्या सामन्याला नेटपलीकडं तोच उभा, पांढऱ्या बुटांत. आमचा कोण कुठं कच्चा, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? दर चेंडू नेमका त्या कच्च्या जागी येत गेला. हरलो.

सामना सुटल्यावर तो पाया पडायला आला. "मामा, रागावलासा व्हय?"

मी पाय मागं घेतले. "मला वाचता येत न्हाई हे तुला ठावं हुतं का न्हाई, तेवढं सांग."

त्यानं मान खाली घातली. "ठावं हुतं. समद्यास्नी ठावं हाय, मामा."

पुढच्या जूनपासून संघ नव्या शिक्षकांकडं गेला. मी नेट बांधून द्यायचो आणि तिथं न थांबता घरी जायचो. त्या पोराला पुढं खेळावरच नोकरी लागली, असं ऐकलं. लागू दे. त्यानं सरळ सांगितलं असतं तर मीच त्याला यष्टीत बसवून दिलं असतं, असं मी आजवर गावाला सांगत आलो. ते खोटं आहे. बसवलं नसतं, आडवा पडलो असतो, आणि हे तो ओळखून होता. तरीपण मी त्याला माफ केलेलं नाही.