थंड बाईचं औषध

माझी वहिनी थंड आहे, हे आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. मला कळलं ते आत्याकडून, मेथी निवडताना. गाय गाभण राहत नाही हे ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात आत्या म्हणाली, "सूनबाई थंड हाय. दादाचं लय हाल होत्यात." आईनं मान हलवली आणि मेथीच्या काड्या बाजूला केल्या. वहिनी तिथून चार हातांवर धुणं पिळत होती. तिला ऐकू गेलं नसेल असं मानायचं असेल त्यानं मानावं.

ही गोष्ट आत्यापर्यंत पोचली कशी, हे मी दादाला एकदा तोंडावर विचारलं. तो म्हणाला, मी काही बोललो नाही, आईनंच विचारलं. त्याची पोरगी दोन वर्षांची झाली तरी पुढची चाहूल नाही, म्हणून आईनं विचारलं सगळं ठीक ना, आणि यानं सांगितलं, तिला इच्छाच नसते. बायकोशी चार वाक्यं धड न बोलणारा माणूस हे एक वाक्य आईशी बोलला. त्या दिवसापासून वहिनीची इच्छा हा घराचा कारभार झाला. गहू भरायचे, गॅसचा नंबर लावायचा आणि सुनेला इच्छा आणायची.

आम्ही तेव्हा सातपूरला राहायचो, दोन खोल्यांत. बाहेर आई, मी आणि दादाची पोरगी. आत दादा-वहिनी, मध्ये पडदा. दादा कारखान्यात पाळ्या करायचा. त्याची पहिली पाळी असली की वहिनी नळाला पाणी यायच्या आधी उठायची. पाणी भरायचं, डबा करायचा, मग आमचा चहा, धुणं, भांडी, दळण, पोरगी. ती जेवायची सगळ्यांच्या शेवटी, आणि पातेल्यात उरेल ते. आई वाईट नव्हती. आईही तशीच जेवत आली होती, म्हणून तिला त्यात काही दिसत नव्हतं.

द्राक्षांचा हंगाम उरकला की आत्या दिंडोरीहून यायची आणि महिना-महिना मुक्काम ठोकायची. त्या वर्षी तिनं येताच सूत्रं हातात घेतली. आधी वहिनीचं ताक बंद केलं. मग दही, केळी, काकडी. थंड बाईला थंड खायला घालता, मग काय होणार, हा तिचा हिशेब. बदल्यात सुंठ, जायफळ, लवंग, डिंकाचे लाडू. चैत्रातलं ऊन, वर पत्रे, आणि या बाईच्या पोटात रोज आग. पंधरवड्यात वहिनीचं तोंड आलं. भाकरीचा तुकडा गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आत्या म्हणाली, उष्णता वर आली, आता खाली उतरेल.

एवढ्यानं भागलं नाही म्हणून आत्या गंगेवर गेली; आमच्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो. पंचवटीत घाटाशेजारी मुळ्या मांडून बसलेल्या जडीबुटीवाल्याकडून तिनं पूड आणली. शतावरी, अश्वगंधा आणि आणखी काहीतरी, जे त्यानं सांगितलं नाही. शतावरीला माझा विरोध नाही. बाळंतिणीला आपल्याकडे पूर्वापार देतात, कुणाला गुण येत असेल तर चांगलंच आहे. माझा राग त्या मुळीवर नाही. ज्या बाईला औषध द्यायचं ती झोपते किती, जेवते काय, तिचं रक्त किती, तिचं दुखतं काय, हे विकणाऱ्यानं विचारलं नाही आणि घेणारीनं सांगितलं नाही. नवऱ्याबद्दल तर कुणीच काही विचारलं नाही. तो जणू या आजाराचा नुसता साक्षीदार.

आणि मग तो पेला सुरू झाला. दिवेलागण झाली, देवापाशी उदबत्ती लागली की आत्या दूध गरम करायची, त्यात पूड ढवळायची आणि पेला वहिनीच्या हातात द्यायची. सगळ्यांसमोर. दादा रात्री घरी असेल त्याच आठवड्यात. त्याची रात्रपाळी असली की पेला नाही. म्हणजे त्या पेल्याचा अर्थ आईला कळायचा, मला कळायचा, दाराशी गप्पा मारायला आलेल्या शेजारणीलाही कळायचा. ती पदर तोंडाला लावून हसायची. दादा पेपरात डोकं घालायचा. वहिनी उभ्यानं, एका दमात प्यायची आणि पेला विसळून पालथा घालायची. एकदा ती हळूच म्हणाली, आज नको. आत्या म्हणाली, "तुझ्यासाठी नाय गं, घरासाठी घे."

मी तेव्हा एका तरुणांच्या गटात काम करायचे. हुंड्यावर, स्टोव्हच्या भडक्यात मेलेल्या सुनांवर, रॉकेलच्या रांगांवर आम्ही पत्रकं काढायचो, सायक्लोस्टाइल करून बाजारात वाटायचो. मी बैठकीत म्हटलं, यावरही पत्रक काढू. बाईच्या इच्छेला औषध देतात, पण तिची इच्छा विचारत नाहीत, असं लिहू. एक कार्यकर्ता म्हणाला, हा खासगी प्रश्न आहे. दुसरा म्हणाला, आधी भाकरीचा प्रश्न, मग असले. मी विचारलं, भाकरी कोण भाजतं? तर म्हणाले, विषयाला फाटे फोडू नकोस. दोघी मैत्रिणी खाली बघून हसल्या. बैठक सुटल्यावर त्यातलीच एक, नुकतं लग्न झालेली, माझ्या सायकलीपाशी आली आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "ती पूड नक्की कुठं मिळते गं?" मला रडावं की तिला हलवावं कळेना. क्रांती करायला निघालेल्या बाईच्या घरीही कुणीतरी दूध तापवत होतं.

मग मी वहिनीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, बाळंतपणानंतर रक्ताच्या गोळ्या घेतल्या होत्या का? वहिनी म्हणाली, कुणी दिल्या नाहीत. अंगात रक्त नाही, झोप नाही, अशा बाईला कशाचीच इच्छा होणार नाही, त्या मलाच रागावून म्हणाल्या, जणू मीच सासू. लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, विश्रांती. गोळ्या घरी आणल्या तर आत्या म्हणाली, "या गोळ्या गरम पडत्यात." जायफळ चालत होतं, लवंग चालत होती, आणि गोळ्या गरम. गोळ्यांची पुडी फडताळावर गेली ती गेलीच.

तेवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. वहिनी सटाण्याकडची. त्यांच्याकडे आखाजीला लेकीबाळी माहेरी जातात, झोके बांधतात. माहेरचा माणूस न्यायला येतो आणि सण झाला की सासरचा माणूस परत आणायला जातो. गेलाच नाही, तर बाई टाकली हे गावाला वेगळं सांगावं लागत नाही. वहिनीचा भाऊ आला, तिला आणि पोरीला घेऊन निघाला. आत्या दारात म्हणाली, "बरी झाली का कळवा. मग बघू." भावाला वाटलं, तोंड आलंय त्याबद्दल बोलतेय. त्यानं हो म्हटलं.

सण झाला. दादा गेला नाही. मी रोज विचारायचे, तो रोज पाळीचं कारण सांगायचा. एक दिवस आत्या जेवताना आईला दिंडोरीच्या एका मुलीचं सांगू लागली. सावळी हाय, पण अंगानं भरलेली, कामाला वाघीण. मी ताट सरकवलं आणि दादाला म्हटलं, तुझ्या बायकोला टाकायचं चाललंय ते कानांत गेलं का? तो म्हणाला, टाकायचं कोण म्हणतंय. मी म्हटलं, मग बोल की. त्यानं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. रविवारी मात्र पायात चपला घालून मला म्हणाला, चल. निघताना आत्यानं पुडीची नवी पिशवी त्याच्या हातात कोंबली.

वहिनीच्या माहेरी अंगणापलीकडे कांदे साठवायची चाळ होती, सगळीकडे तोच वास. वहिनी ओट्यावर बसली होती. रिकामी बसलेली मी तिला पहिल्यांदा पाहिली. तोंड बरं झालं होतं, गालांवर थोडं तेज होतं. तिची आई आमच्यासमोर पाणी ठेवून तिच्या अहिराणीत म्हणाली, "मन्ही पोर थंडी नही शे, थकेल शे. तुमना घरमा तिले झोप कोन देस?"  दादानं पिशवी ओट्यावर ठेवली, आत्यानं दिलीय म्हणाला.

वहिनी पिशवी घेऊन आत गेली. आली तेव्हा तिच्या हातात दुधाचे दोन पेले होते. एक तिनं स्वतःसमोर ठेवला, एक दादासमोर.

"घ्या," ती म्हणाली.

"मी कशाला? मला काय झालंय?"

"मला काय झालंय?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी चाळीकडे बघत राहिले.

"तुम्ही आईंना सांगितलं मला इच्छा नाही," ती म्हणाली. "मला कधी विचारलं? तुमच्या कारखान्याचा भोंगा वाजतो ना, तसा तो पेला येतो. समोर शेजारीण बसलेली असते. दिवे लागले की मला दार उघडून निघून जावंसं वाटतं. त्याला औषध आहे का आत्यांकडे?"

तिचा आवाज चढला नव्हता. पोरगी येऊन तिच्या मांडीवर चढली, तिचे केस ती बोटांनी सारखे करत होती. दादाचे कान लाल झाले होते. त्यानं पेल्यावर धरलेली साय बोटानं बाजूला केली. मग म्हणाला, "मग मी काय करू?"

लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यानं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न असेल, असं मी शपथेवर सांगेन.

"आज जा," वहिनी म्हणाली. "मला अजून झोपायचंय. मी कळवीन तेव्हा या. एकटे या. आणि कुणाला विचारून येऊ नका."

 घरी आल्यावर आत्यानं दादाला विचारलं, पूड दिली का? तो म्हणाला, दिली.  पण दिंडोरीच्या मुलीचा विषय निघाला तेव्हा तो ताटावरून उठला आणि म्हणाला, हे या घरात पुन्हा बोलायचं नाही. आत्या दुसऱ्या दिवशी पिशवी भरून दिंडोरीला गेली. जाताना आईला म्हणाली, पोरगं हातचं गेलं.

पाऊस सुरू व्हायच्या आत वहिनीचं कार्ड आलं आणि दादा जाऊन दोघींना घेऊन आला. आल्यावर तिनं फडताळावरच्या लोहाच्या गोळ्या काढल्या आणि ताकाबरोबर, आईच्या देखत, पहिली गोळी घेतली. दादा पहिल्या पाळीला स्वतः पाणी भरून जायला लागला. शेजारणीला त्याचंही हसू आलं. येऊ दे.

महिनाभरानं आईनं मला शेगडीपाशी गाठलं आणि आवाज खाली करून म्हणाली, "काय गं, आता बरं आहे का तिचं? तुला काही बोलली?"

मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. पडद्याआड दोन माणसांचं काय जमतं, काय जमत नाही, ते त्या दोघांचं आहे. मी आईला म्हटलं, हे तू विचारायचं नाहीस. मलाही नाही, दादालाही नाही. आई म्हणाली, मी सासू आहे. मी म्हटलं, म्हणूनच.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पण तिनं पुन्हा विचारलंही नाही.